काठावरचं नाव

चांदीचं असतं तर केव्हाच गेलं असतं.
थोरल्या भावाचं गेलंच,
रविवार पेठेत, अडतीस साली,
आत्याबाईंची जोडवी झाली त्याची.
धाकट्याचं उरलं, काशाचं म्हणून.
सोनारानं कसोटीवर घासून परत केलं:
"ठेवा, पोरं खेळतील."

पोरं खेळली. बाबा, काका, मग आम्ही.
वरची कडी मोडली
तेव्हापासून कॅरमचा स्ट्रायकर.
दिवाळीला आई चिंचेनं घासायची:
तांब्या, समई, पदक, याच क्रमानं.
एका अंगाला राजाचं डोकं,
दुसऱ्या अंगाला उघडा घोडेस्वार.
हेच आपले पणजोबा, काका सांगायचे,
धोतर वाळत घातलंय.

सटवा मल्हारी.
घरात माहीत होतं ते एवढंच:
बसऱ्याला गेला, परत आला,
भवानी पेठेत हमाली केली.
डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली.
गुळाच्या ढेपांनी झाला, म्हणत.

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाले
आणि पदक पर्समध्ये टाकून हिंडले.
जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजक्या कुलुपांशेजारी बसलेला एकजण म्हणाला,
"नाव पुसलंय मॅडम. तीनशे देतो."
खडकीला गेटवरच्या जवानानं
आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं,
पदक पाहिलंच नाही.
शेवटी घरीच, खिडकीत, भिंगाखाली
एक शब्द लागला: बेअरर.

"म्हणजे वेटर!" धाकटा भाऊ हसला.
"साहेबाच्या मेसमध्ये चहा दिला असणार.
दो ब्रून मस्का, एक पानी कम."
मीही हसले.
रात्री भांडी घासताना मात्र
उगाचच राग आला, कोणाचा ते कळेना.
मला काही शूरवीर नको होता.
पण शंभर वर्षं जपलेला कप-बशीचा ट्रे?

उर्वी, भाचीची मुलगी, तिसरीत.
तिनं मला काही विचारलं नाही.
वहीतून कागदाची पट्टी फाडली,
काठाभोवती घट्ट गुंडाळली
आणि पेन्सिल आडवी धरून घासत सुटली,
नाण्याचा छाप काढतात तशी.
चिंचेनं पुसलेलं
शिशानं वर आलं.
करड्या पट्टीत पांढरी, साहेबी अक्षरं:
एक नंबर. सुटवा मुलारी.
बेअरर. पुढे आणखी दोन शब्द, अर्धे.

वानवडीच्या निवृत्त सुभेदार घोरपड्यांना
ऐकू कमी येतं.
एक्स्चेंजच्या सवयीनं
अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं.
तिकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "बाई, डोलीवाले ते.
जखमी उचलून मागे आणायचे.
हातात बंदूक नाही.
म्हणून तर चांदी नाही."

रिसीव्हर ठेवून
मी चार बोटं खांद्यावर आडवी धरली.
म्हणजे गूळ नव्हता.
किंवा गूळही होता, आधी हे, मग ते.
खांद्याला काय कळतं.

तांबट आळीत कडी डाखून घेतली.
"चकाकी आणू नका," म्हटलं,
तर कारागीर दुखावला.
कॅम्पातल्या लष्करी शिंप्यानं फीत दिली,
मध्ये नारिंगी, कडेला काळी-निळी,
वीतभर मागितली तर हातभर कापली.

भाऊ म्हणाला फ्रेम करू, आत दिवा लावू.
मी उर्वीला दिलं.
सांगितलं, चिंच नाही, पितांबरी नाही.
विकायचं नाही असं काही सांगितलं नाही.
आत्याबाईंना त्या जोडव्यांवरून
मी कधी बोल लावला नाही,
हिला आधीच कशाला?

तिनं विचारलं,
"त्यांनी उचललेली माणसं जगली?"
यादी नाही गं, म्हटलं.
"एक तरी?"
एक तरी, म्हटलं,
आणि खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

पदक तिच्या कंपासपेटीत गेलं,
कोनमापकाखाली.
पट्टी मी ठेवून घेतली,
वीजबिलांच्या फायलीत.
मधूनच काढते.
दर वेळी
थोडं शिसं बोटाला लागतं.